गोरोबा तुमचे कोण?

माकणी, ता. लोहारा
९ जुलै २०२५

ती. भागवत काकांस,
सृष्टीचा साष्टांग नमस्कार.

मी श्रीमंत बंडगरांची मुलगी, गोरोबा बंडगरांची नात. तुम्ही मला शेवटचं बघितलं ते आजोबांच्या दहाव्याला. तेव्हा मी सहा वर्षांची होते, म्हणून ओळख सांगितली. मागच्या आठवड्यात मी तुम्हाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "जे काय असेल ते लेखी कळव. फोनवरचं बोलणं मी धरत नाही." म्हणून लिहिते आहे.

यंदा मी बारावी झाले. सीईटीत चांगले गुण पडले. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला माझा नंबर लागेल असं आमचे सर म्हणतात, पण तो आपल्या राखीव जागेतून. त्यासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी लागते, तिला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. धाराशिवच्या समितीकडं मी अर्ज केला, पावती मिळाली. पावतीवर प्रवेश होतो. पण बारा सप्टेंबरच्या आत दाखला दिला नाही तर जागा जाते. खुल्या जागेतून मला ते कॉलेज मिळणार नाही आणि खाजगी कॉलेज आम्हाला झेपणार नाही.

समितीनं माझ्या अर्जात त्रुटी काढली आहे. एकसष्ट सालाच्या आधीचा, जात लिहिलेला एकही कागद आमच्या घरात नाही. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. तुमचे वडील, म्हणजे आजोबांचे सख्खे भाऊ मारुती आजोबा, मात्र निजामाच्या काळात शाळेत होते. त्यांच्या नावाचा उतारा तुम्ही काढून ठेवला आहे असं आजी सांगते. शाळेचं ते दप्तर भूकंपात गेलं, म्हणजे आता तो कागद फक्त तुमच्याकडं. त्याची प्रत, सूरजदादाच्या व्हॅलिडिटीची प्रत, आणि सोबत जोडलेल्या वंशावळीच्या शपथपत्रावर तुमची सही, एवढं मिळालं तर माझं काम होईल. सूरजदादाला मेसेज केला होता. "पप्पांना विचार" एवढंच उत्तर आलं.

बाबा मेंढरं घेऊन बालाघाटच्या माळावर गेले आहेत. पेरण्या झाल्या की इकडं जनावरं फिरवायला जागा राहत नाही. मी तुम्हाला लिहिलेलं त्यांना माहीत नाही. तुमचं त्यांचं कुठल्याशा लग्नपत्रिकेवरून बिनसलं असं मला लहानपणी सांगितलं होतं. त्यात मला पडायचं नाही.

दैवशाला काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
सृष्टी

•

नळदुर्ग
दि. १६/०७/२०२५
जावक क्र. ३

प्रति,
कु. सृष्टी श्रीमंत बंडगर, मु. पो. माकणी

विषय : वंशावळीवर सही करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ०९/०७ चे पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले पत्र व सोबतचे शपथपत्र मिळाले. सही केलेली नाही.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कारकुनी केली आहे. कागद कशासाठी लिहिला ते मला त्याच्या वासावरून कळते. "मूळ पुरुष", "सख्खे भाऊ", "वारस" ही भाषा अठरा वर्षांच्या मुलीची नाही. लोहाऱ्याच्या कोणत्या वकिलाने लिहून दिले ते कळवावे. गोरोबा व मारुती हे सख्खे भाऊ असे दोन ठिकाणी लिहिले आहे. एकदा लिहून भागत नव्हते काय?

श्रीमंतला माहीत नाही हे मला पटत नाही. स्वतः गप्प बसायचे आणि पोरीला पुढे करायचे, ही रीत जुनी आहे. वेळही बघण्यासारखी साधली आहे. अकरा वर्षे कुणाला काही आठवले नाही आणि नेमके याच पावसाळ्यात आठवले.

तरी प्रथम बाँडवर असे लिहून द्यावे की, या वंशावळीचा वापर गट नंबर ११४ च्या बाबतीत कोर्टात अथवा तहसिलात कधीही केला जाणार नाही. खाली श्रीमंतची सही व दोन साक्षीदार. त्यानंतर विचार करता येईल.

भा. मा. बंडगर
सेवानिवृत्त मुख्य लिपिक

•

माकणी
२१ जुलै २०२५

ती. भागवत काकांस,
सा. न.

वकील कुणी नाही. लोहाऱ्यात ई-सेवा केंद्र चालवणारे व्यंकट म्हणून आहेत, त्यांच्याकडं वंशावळीचा छापील नमुना असतो. आपण फक्त नावं भरायची. "सख्खे भाऊ" दोनदा आलं कारण नमुन्यात ते दोनदा विचारलं आहे. तुम्ही लोहाऱ्याला आलात तर कोरा नमुना बघता येईल.

पण काका, गट नंबर ११४ म्हणजे काय, ते मला कळलं नाही. म्हणून आजीला विचारलं. ती सुपात ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, "आजी, एकशे चौदा गट कुठं आहे?" तिचा हात जागीच थांबला. "कोण बोललं तुझ्याजवळ?" म्हणाली. तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाली, "त्यानंच काढलं व्हय." सूप तसंच ठेवून उठून गेली.

मग मी व्यंकटकडं जाऊन ऑनलाइन सातबारा बघितला. जमीन पणजोबांची, निवृत्ती बंडगरांची. चौऱ्याहत्तर सालच्या फेरफारानं ती एकट्या मारुती आजोबांच्या नावावर झाली आणि त्यांच्यानंतर तुमच्या. गोरोबा निवृत्ती हे नाव त्यात कुठंच नाही.

तुम्हाला वाटतं मी सगळं माहीत असून लिहिलं. खरं असं आहे की तुमचं पत्र आलं नसतं तर आमच्या घराण्यात अशी जमीन होती हे मला कधी कळलंच नसतं.

बाबांच्या वतीनं मी काही लिहून देऊ शकत नाही. मला कॉलेजात जायचं आहे, एवढंच लिहून देऊ शकते. उताऱ्याची नुसती प्रत पाठवलीत तरी अर्ज पुढं सरकेल.

आपली,
सृष्टी

•

नळदुर्ग
२९ जुलै

चि. सृष्टीस,
तुझ्या दैवशाला काकूचा आशीर्वाद.

शरणम्मा बांगड्या घेऊन तुमच्या गावच्या बाजाराला येती, तिच्या हाती हे देतीय. वाचलंस की चुलीत घाल.

तुझी दोन्ही पत्रं म्या वाचली. ते देवळात गेल्यावर वाचली. तुला काय माहीत न्हाय ते सांगती. जून महिन्यात पवनचक्कीवाले दोनदा येऊन गेले. त्यांना एकशे चौदात खांब उभा करायचाय. जुने कागद बघाया मागितले. तवापासनं तुझ्या काकाचं चित्त ठिकाणावर न्हाय. दारात फटफटी थांबली तरी खिडकीतनं बघत्यात, कोण हाय म्हून. त्यातच तुझं पाकीट आलं. म्हणले, "बघ, श्रीमंतला वास लागला." म्या म्हणलं, "अवो, पोरीला शिकायचंय." तर म्हणले, "तुला कागदातलं काय कळतंय."

मामंजींचा उतारा ट्रंकेत हाय. किल्ली त्यांच्या करदोड्याला. आंघोळीला बी काढत न्हाईत. म्या काय करू, सांग.

आता ते तुझ्या बापाची सही मागत्याल. कशावर बी सही करू नको आणि बापाला बी करू देऊ नको. माझं नाव कुठं घेऊ नको.

तुझी काकू

•

माकणी
१ ऑगस्ट २०२५

सौ. दैवशाला काकूंस,
सा. न.

शरणम्मांच्या हातीच उत्तर देते आहे.

खरं सांगते काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे तुम्ही लिहिलं का काकांनी समोर बसून लिहून घेतलं, हेच कळेना. "बापाला सही करू देऊ नको" यात काकांचा कुठं फायदा आहे का, ते शोधत बसले. सापडला नाही, म्हणून विश्वास ठेवते. वाईट वाटून घेऊ नका. महिन्यापूर्वी मी अशी नव्हते.

पहिल्या फेरीत पुण्याला नंबर लागला. पावतीवर प्रवेश झाला. आता फक्त तो दाखला.

सृष्टी

•

नळदुर्ग
दि. ०४/०८/२०२५
जावक क्र. ४

कु. सृष्टी श्रीमंत बंडगर यांस,

आपला नंबर पुण्यास लागल्याचे सूरजकडून समजले. अभिनंदन.

आपणास दाखल्याची निकड आहे व मलाही प्रकरण वाढवायचे नाही. तरी पुढीलप्रमाणे मार्ग काढला आहे. श्रीमंतने लोहाऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन गट नंबर ११४ च्या हक्कसोडपत्रावर सही करावी. त्याच टेबलावर मी वडिलांचा उतारा, सूरजच्या व्हॅलिडिटीची प्रत आणि सही केलेली वंशावळ आपल्या हातात देईन. तो सही करीपर्यंत माझे कागद माझ्या पिशवीत राहतील.

त्या जमिनीवर श्रीमंतचा हक्क नाहीच. जे नाही ते सोडायला कुणाला जड जाऊ नये. बारा सप्टेंबरला अजून पाच आठवडे आहेत. आपण शिकलेल्या आहात, बापाला समजावून सांगता येईल.

भा. मा. बंडगर

•

माकणी
९ ऑगस्ट २०२५

ती. भागवत काकांस,
सा. न.

जे नाहीच ते तुम्ही सोडून कशाला घेता, हे मला समजलं नाही.

तुमचं पत्र मी आजीला वाचून दाखवलं. या वेळी ती उठून गेली नाही. बोलली. ती बोलली तसं खाली उतरवून घेतलं आहे, एक शब्द माझा नाही.

"भागवता, म्या सखू बोलतीय, तुझी चुलती. दुस्काळानंतरच्या साली तुझा बाप आमच्या माळावरल्या वाड्यावर आला. आमी तवा मेंढरं घेऊन औशाकडं हुतो. म्हणला, दादा, चराईचा पास काढायचाय, सरकारी रानात मेंढरं घालायला, अंगठा दे. ह्येंनी दिला. पास काय आला न्हाय. चार वर्सांनी तलाठ्यानं सांगितलं तवा कळलं, अंगठा कशावर घेतला ते. म्या लई भांडले ह्यांच्यासंगं. जाऊन विचारा म्हणलं. तर म्हणले, धाकटा हाय, त्याच्या पोटाला आलं, ऱ्हाऊ दे. ते मेल्यावर श्रीमंत तुझ्या दारात आला, तर तू म्हणलास, कागद दाखव. आमच्यापाशी कागद असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?

"आणि एक तू इसरलास. तुझ्या सुरजाला कालेजात घालायचं हुतं, तवा हाच दाखला तुला लागला. तवा तू आमच्या वाड्यावर आलास. ह्येंच्या अंगात ताप हुता. म्या म्हणलं, जाऊ नका, ह्या लोकांनी आपल्याला बुडवलंय. तर म्हणले, बापानं केलं त्यात पोराचा काय गुन्हा. तुझ्या संगं यष्टीत बसून धाराशिवला गेले आणि अंगठा देऊन आले. काय लिवलंय ते बी इचारलं न्हाय."

आजीचं एवढंच.

बाबांना मी हक्कसोडाचं विचारणार नाही. पुण्याची जागा गेली तरी विचारणार नाही. परवा मी धाराशिवला समितीच्या कार्यालयात गेले होते. नातेवाईक कागद देत नाहीत असं अर्जावर लिहून दिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मग दक्षता पथक चौकशीला जाईल. ज्यांची व्हॅलिडिटी झाली आहे त्यांचा पत्ता लिही." मी तुमचा पत्ता लिहिला. ते येतील तेव्हा तुम्हाला जे सांगायचं ते त्यांना सांगा.

सृष्टी

•

नळदुर्ग
दि. १४/०८/२०२५
जावक क्र. ५

कु. सृष्टी बंडगर यांस,

पत्र पोहोचले. माझ्या घरी चौकशी पाठवण्याची धमकी समजली. साहेब लोक मला नवीन नाहीत. विचारतील त्याचे उत्तर देईन.

चौऱ्याहत्तर साली मी बारा वर्षांचा होतो. त्या व्यवहाराची मला माहिती नाही. दोन हजार अकराच्या कागदात काय लिहिले होते तेही आता नीट आठवत नाही. गोरोबा नावाची माणसे या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत.

यापुढे पत्रव्यवहार करू नये.

भा. मा. बंडगर

•

नळदुर्ग
२७ ऑगस्ट

चि. सृष्टीस आशीर्वाद.

काल चौकशी झाली. तुला कधी कळवीन असं झालंय, म्हून शरणम्माची वाट न बघता पोस्टात टाकतीय. त्यांनी बघितलं तर बघू देत.

अकराच्या सुमाराला गाडी आली. एक बाई आणि लिहून घेणारा एक माणूस. बाई साध्याच, पण नजर करडी. म्या चहा ठेवला. काकांनी आधीच सदरा-टोपी घालून, चष्मा पुसून तयारी केलेली.

बाईंनी सरळ विचारलं, "गोरोबा निवृत्ती बंडगर तुमचे कोण?"

काका म्हणले, "कोणते गोरोबा, म्याडम? आमच्याकडं दोन घरं सोडून एक गोरोबा हाय."

बाई हसल्या न्हाईत. पिशवीतनं एक जुनी फाईल काढली. वर सुरजाचं नाव. एक पान उघडून टेबलावर ठेवलं. "हा अंगठा कुणाचा?"

म्या कपाच्या तबकासकट तिथंच उभी हुते. वाकून बघितलं. निळा अंगठा, जरासा फराटलेला. वर लिवल्यालं, "सूरज हा माझ्या सख्ख्या भावाचा नातू आहे, हे मी शपथेवर सांगतो." तुझ्या आज्याचं नाव. खाली साक्षीदार म्हून तुझ्या काकाची सही. वळणदार, ऑफिसात करायचे तशी.

चहा निवला. बाई म्हणल्या, "हे बघा, हा माणूस तुमचा कुणी नसेल तर सूरजची वंशावळ खोटी, त्याचा दाखला पुन्हा तपासावा लागेल. आणि असेल तर त्या मुलीची वंशावळ खरी. एकाला खरं आणि एकाला खोटं, असं मला लिहिता येणार नाही."

काकांनी विचारलं, "हा जबाब कोर्टात चालतो का?"

"खरं असलं तर कुठंही चालतं," बाई म्हणल्या.

मग ते आत आले. माझ्याकडं बघितलं न्हाय. करदोड्याची किल्ली सोडताना दोरा तुटला. ट्रंकेतनं मामंजींचा उतारा काढला, बाहेर जाऊन टेबलावर ठेवला आणि म्हणले, "चुलते." बाईंना ऐकू गेलं न्हाय. "मोठ्यानं सांगा," म्हणल्या. "सख्खे चुलते," म्हणले. मग वंशावळीवर सही केली. गाडी गेल्यावर बी तिथंच बसून ऱ्हायले. जेवायला चारदा हाक मारली तवा उठले.

आता तू विचारशील, काकू, माझ्यासाठी बोलले का त्याच दाखल्यावर लागलेली सुरजाची नोकरी वाचवायला बोलले? चौतीस वर्सं संसार केला, पण मला बी सांगता येणार न्हाय. त्यांनाच विचार.

तुझी काकू

•

पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. भागवत काकांस,
सा. न.

पत्र लिहू नको म्हणाला होतात, तरी हे कळवणं माझं काम आहे. आठ तारखेला व्हॅलिडिटीचा दाखला मिळाला. दहाला कॉलेजात दिला. प्रवेश पक्का झाला. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे.

दाखला घ्यायला गेले तेव्हा तुमचा उतारा मला बघायला मिळाला. सगळं उर्दूत आहे. सोबत तोच मजकूर देवनागरीत लिहून जोडला होता. "मारुती वल्द निवृत्ती, कौम धनगर, पेशा गल्लाबानी." कौम म्हणजे जात आणि गल्लाबानी म्हणजे मेंढरं राखणं, असं तिथल्या शिपायांनी सांगितलं. एका ओळीवर माझी चार वर्षं अडली होती. ती तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलीत, त्याबद्दल आणि सहीबद्दल तुमचे आभार मानते.

बाबा मला सोडायला पुण्यापर्यंत आले होते. एसटीत मी त्यांना पहिल्या पत्रापासून सगळं सांगितलं. जमिनीचं त्यांना अर्थातच माहीत होतं. लग्नपत्रिकेची गोष्ट त्यांनीच माझ्यासाठी रचली होती. मी विचारलं, "का सांगितलं नाही?" तर म्हणाले, "दप्तरात भांडण घालून कुणी पोरीला शाळंत धाडतं व्हय?"

टेंभुर्णीच्या पुढं एकदम म्हणाले, "त्यानं सही केली तवा समोर कोण हुतं?"

मी म्हटलं, "चौकशीच्या बाई."

"मग ती सही त्यानं सरकारला दिली. आपल्याला न्हाय."

हे तुम्हाला लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. आपल्यात आधीच इतकं लपवून झालं आहे, म्हणून लिहिलं.

काकूंना नमस्कार.

सृष्टी

•

नळदुर्ग
६ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टीस,
भागवत काकाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा उत्तर लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. नंतर पावसानं सगळीकडं दाणादाण केली, टपालही थांबलं. रस्ते उघडल्यावर म्हटलं, लिहिण्यापेक्षा जाऊन यावं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माकणीला गेलो.

घर मला विचारत जावं लागलं. चुलतीनं ओळखलं. पाणी दिलं. चहा ठेवला नाही. "कशाला आलास?" म्हणाली. मी सांगितलं, एकशे चौदाचं वाटणीपत्र करून आणलंय, निम्मं श्रीमंतच्या नावानं. चुलती म्हणाली, "आता?"

पावसामुळं श्रीमंत मेंढरं घेऊन घरी परतला होता. मेंढरांना चिखलानं खुरी झालीय, त्यांचे पाय धूत होता. उठला नाही. मी तिथंच दगडावर बसून कागद वाचायला लागलो. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "कागद तुझा, शाई तुझी, साक्षीदार तुझे. म्या फकस्त खाली नाव घालायचं. असं आमच्या घरात एकदा झालंय."

मी म्हटलं, "आरं, या वेळी देतोय, घेत न्हाय."

तर म्हणाला, "तुझ्या बापानं बी पास देतो म्हणूनच अंगठा घेतला हुता."

मी कागद घडी करून परत आलो.

हे सगळं पवनचक्कीवाल्यांसाठी चाललंय असं तुला वाटेल. त्यांच्या वकिलानं सांगितलं आहे की चौकशीतल्या जबाबानंतर श्रीमंतच्या सहीशिवाय त्या जमिनीचा करार होणार नाही. तेव्हा तसं थोडं आहेही. सगळं तसं नाही. चौऱ्याहत्तर साली मी बारा वर्षांचा होतो, असं तुला लिहिलं होतं. बारा वर्षांच्या पोराला घरात काय बोलतात ते ऐकू येतं. वडील औशाहून परत आले त्या दिवशी आईनं त्यांना विचारलं होतं, "भाऊजींना सांगितलंत का, कशाचा कागद आहे ते?" वडील म्हणाले, "त्याला काय कळतंय." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या काकूलाही नाही.

श्रीमंत तुझं ऐकेल. कागद सरळ आहे, त्यात काही नाही. तू त्याला सांग, सही कर म्हणून. एवढं काम तुझ्याकडं लावतो.

प्रकृतीस जप. वसतिगृहातलं जेवण बरं आहे का ते कळव.

तुझा काका,
भागवत

•

पुणे
११ ऑक्टोबर २०२५

ती. भागवत काकांस,
सा. न.

पत्र मिळालं. शेवटचं पान दोनदा वाचलं. चौऱ्याहत्तर सालचं तुम्ही सांगितलंत, ते आजीला मी पत्रानं कळवणार नाही. ते तुम्हीच तिच्यासमोर बसून सांगायचं आहे.

बाबांना मी "सही करा" म्हणून सांगणार नाही, आणि "करू नका" म्हणूनही सांगणार नाही. कागद सरळ आहे असं तुम्ही म्हणता. असेलही. मी तो बघितलेला नाही. म्हणून आधी तो मला पाठवा. सगळी पानं पाठवा. मोजणीचा नकाशा आणि पवनचक्कीवाल्यांशी काही लिहिणं झालं असेल तर तेही. आमच्या वर्गात जमीन मोजणीचा विषय सुरू झाला आहे, नकाशातलं अडलं तर सरांना विचारीन.

दिवाळीला गावी जाईन तेव्हा बाबांना आणि आजीला जवळ बसवून तो ओळीनं वाचून दाखवीन. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर वाचीन. एखादी ओळ त्यांना पटली नाही तर ती बदलावी लागेल, हे आताच कळवते. पूर्ण वाचून झाल्यावर बाबांना पटलं तर सही होईल. नाही पटलं तर कागद तुम्हाला परत मिळेल.

जेवण बरं आहे. भाकरी मिळत नाही.

आपली,
सृष्टी